व्यत्यय कोणी आणला?

मुलगी बाकावर बसली होती. गणिताचा तास चालू होता. तिच्याजवळ मोबाइल होता. शिक्षकांनी तो मागितला, तिने दिला नाही. वर्गाबाहेर जा म्हणाले, ती उठली नाही. मग शाळेचे अधिकारी आले, तरी ती बसूनच राहिली. शेवटी शाळेत नेमलेला पोलीस आला. त्याने तिला बाकासकट मागे उलटवले आणि फरशीवरून फरफटत नेले. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, कोलंबियाच्या स्प्रिंग व्हॅली हायस्कूलमध्ये २६ ऑक्टोबर २०१५ रोजी हे घडले. वर्गातल्या मुलांनी ते मोबाइलवर टिपले, म्हणून ते बाहेर आले. मुलगी सोळा वर्षांची होती आणि कृष्णवर्णीय होती.

त्या चित्रफितीवर पुष्कळ लिहून झाले. पोलिसाची नोकरी गेली. पण चित्रफितीइतकाच तिच्यानंतरचा कागद बोलका आहे. मुलीला ताब्यात घेतले, तर कोणत्या तरी कलमाखाली घ्यावे लागते. ते कलम होते शाळेत व्यत्यय आणण्याचे.

पोलीस येईपर्यंत त्या मुलीने कोणाला हात लावला नव्हता. तिने सांगितलेले ऐकले नाही, हे खरे. सोळाव्या वर्षी मुले ऐकत नाहीत, आणि त्यासाठी शाळांकडे शंभर उपाय असतात. घरी चिठ्ठी जाते, पालकांना बोलावतात, तास संपल्यावर बाजूला घेऊन समज देतात. इथे तास थांबला तो पोलीस आल्यावर. वर्गात सर्वांत मोठा आवाज झाला तो बाक आपटल्याचा. व्यत्यय आला यात शंका नाही. तो आणणाऱ्या माणसावर मात्र सरकारी वकिलांनी कोणताही गुन्हा लावला नाही.

त्याच वर्गातल्या आणखी एका मुलीला त्या दिवशी अटक झाली. ती अठरा वर्षांची, तीही कृष्णवर्णीय. आपल्या वर्गमैत्रिणीला फरफटत नेताना पाहून ती गप्प बसली नाही. इतरांना चित्रण करायला सांगितले, स्वतः केले, मोठ्याने देवाचा धावा केला. तिच्यावरही तेच कलम लागले. बेड्या घालून तिला मोठ्या माणसांच्या तुरुंगात नेले. ती त्या शाळेत परत गेली नाही. शाळा सोडून तिने बाहेरून परीक्षा दिली. पुढच्या वर्षी दोघींवरचे आरोप मागे घेतले गेले. तोवर शाळा सुटलीच होती.

आता हे कलम आले कोठून ते पाहू. सगळे प्रकरण त्यातच आहे.

कायदा १९१९ सालचा. कोलंबियात मुलींचे एक महाविद्यालय होते. बाहेरचे तरुण त्याच्या आवारात येत, घुटमळत, मुलींच्या मागे लागत. तक्रारी झाल्या. विधिमंडळाने कायदा केला की मुलींच्या शाळा-महाविद्यालयांत येऊन कोणी त्रास देता कामा नये, व्यत्यय आणता कामा नये, आचरटपणा करता कामा नये. केला तर दंड किंवा तुरुंगवास. राज्यात तेव्हा वर्णभेदाची कडेकोट व्यवस्था होती. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे. ज्या मुलींसाठी विधिमंडळ हलले त्या गोऱ्या होत्या. त्यांना निर्धास्तपणे शिकता यावे, एवढाच हेतू होता, आणि हेतू म्हणून तो चांगला होता.

मग १९६८ साल आले. त्या वर्षी फेब्रुवारीत याच राज्यातल्या ऑरेंजबर्ग गावी कृष्णवर्णीय विद्यार्थी एका बोलिंगच्या क्रीडागृहात प्रवेश मिळावा म्हणून निदर्शने करत होते. महामार्ग पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन जण मेले. याच वर्षी विधिमंडळाने १९१९ चा कायदा रुंद केला. आता तो मुलींच्या शाळांपुरता राहिला नाही. कोणतीही शाळा, कोणीही माणूस. ‘व्यत्यय’ आणि ‘आचरटपणा’ तसेच राहिले, त्यांची व्याख्या कोणी केली नाही. पुढे शाळाशाळांत पोलीस नेमले गेले. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर तर त्यासाठी पैशाचा ओघ लागला. बाहेरच्या बंदूकधाऱ्याला अडवायला आणलेला पोलीस दिवसभर शाळेच्या आतच असतो. त्याच्या हाती हा कायदा होताच. कायदा मोडल्यास ९० दिवसांपर्यंत कैद किंवा एक हजार डॉलरपर्यंत दंड. दरवर्षी हजाराहून अधिक मुलामुलींवर हे कलम लागू लागले.

मुलींना त्रास देणाऱ्यांना शाळेबाहेर ठेवण्यासाठी केलेल्या कायद्याने शंभर वर्षांच्या आत एका मुलीला शाळेबाहेर काढले. ही कायद्याची गफलत आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही. १९१९ मध्ये ज्या मुलीचे रक्षण करायचे होते ती एक होती, २०१५ मध्ये जिला उचलून नेले ती दुसरी. पहिली मूल होती, जपायची होती. दुसरीला कोणी मूल मानलेच नव्हते.

हे भावनेच्या भरात केलेले विधान नाही. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये ३२५ प्रौढांना प्रश्न विचारले. सगळे प्रश्न मुलींविषयीचे. निष्कर्ष असा की कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या मुलींपेक्षा माया कमी लागते, आधार कमी लागतो, सांभाळ कमी लागतो, असे लोकांना वाटते. त्या अधिक स्वावलंबी असतात, मोठ्यांच्या गोष्टी त्यांना अधिक कळतात, असेही वाटते. हा समज पाचव्या वर्षापासूनच सुरू होतो. पाच वर्षांची मुलगी म्हणजे दुधाचे दातही न पडलेली. तिला माया कमी लागते असे ज्या मोठ्या माणसाला वाटते, ते माणूस शाळेत असेल तर काय करील? गोरी मुलगी रडली तर तिला जवळ घेईल. हिला दटावील. गोरी मुलगी ‘का?’ म्हणाली तर तिला उत्तर देईल. हिला उद्धट म्हणेल.

फ्लोरिडातल्या ऑरलँडोतली गोष्ट घ्या. सप्टेंबर २०१९. सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने शाळेत थयथयाट केला, लाथा झाडल्या. शाळेतल्या पोलिसाने तिला अटक केली, तिच्या मनगटांना प्लास्टिकचे बंद आवळले गेले आणि तिला गाडीत घालून नेले. मारहाणीचा गुन्हा लावला. बंद आवळताना ती आणखी एक संधी द्या म्हणून विनवत होती. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात ते सगळे आहे. गुन्हा मागे घेतला गेला, पोलिसाला काढले. फ्लोरिडाने २०२१ मध्ये कायदा केला आणि अटकेचे किमान वय ठरवले. किती? सात. अटक झाली होती सहा वर्षांच्या मुलीला, म्हणून मर्यादा सातावर जाऊन थांबली. सात वर्षांच्या मुलीला मनगटे आवळून नेता येते, हे त्या विधिमंडळाला मान्य आहे असाच याचा अर्थ. गंभीर हिंसक गुन्ह्यांचा अपवाद ठेवून त्या सहा वर्षांच्या मुलीलाही कायदा पूर्ण सोडत नाही.

पण मुख्य मुद्दा शाळेच्या शिक्षेच्या फॉर्मवरच्या ‘व्यत्यय’ या रकान्याचा आहे. तिकडेच वळू.

शाळेतले गुन्हे दोन जातींचे असतात. काही डोळ्यांनी दिसतात. मुलगा सिगारेट ओढताना सापडला, खिडकी फोडली, न विचारता शाळेतून निघून गेला. यात मत चालत नाही. दुसऱ्या जातीचे गुन्हे बघणाऱ्याच्या मनात घडतात. अनादर केला, उर्मटपणे पाहिले, आवाज चढवला, उगाच रेंगाळली. इंडियाना विद्यापीठाचे रसेल स्कीबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या शहरातल्या माध्यमिक शाळांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. गोऱ्या मुलांना मुख्याध्यापकांकडे पाठवले जाई ते सिगारेट, मोडतोड, शिवीगाळ, पळून जाणे यासाठी. कृष्णवर्णीय मुलांना पाठवले जाई ते अनादर, जास्त आवाज, धमकावणे, रेंगाळणे यासाठी. या दोन याद्यांकडे नीट पाहावे. पहिल्या यादीतली प्रत्येक गोष्ट सिद्ध करता येते. दुसऱ्या यादीतली एकही शिक्षकाच्या साक्षीवाचून उभी राहत नाही. पहिल्या यादीत मुलाने काय केले ते लिहिले आहे. दुसऱ्या यादीत मोठ्या माणसाला काय वाटले ते लिहिले आहे.

साउथ कॅरोलायनाच्या कलमाचेही हेच झाले. त्याखाली कृष्णवर्णीय मुलांवर गोऱ्या मुलांच्या कित्येक पट प्रमाणात गुन्हे लागले. कित्येक पट व्यत्यय कृष्णवर्णीय मुले आणतात असे ज्याला म्हणायचे असेल त्याने आधी व्यत्यय मोजण्याचे साधन दाखवावे. कायद्याने ते दिलेले नव्हते.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. कृष्णवर्णीय मुली मुळात गरीब वस्तीतल्या, घरी विस्कळीत परिस्थिती, म्हणून वागणेच तसे. आक्षेप ऐकायला वाजवी वाटतो. पण तो आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणारी संस्था, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, हिने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. २०१७-१८ या शालेय वर्षात सरकारी शाळांतल्या मुलींमध्ये कृष्णवर्णीय मुली १५ टक्के होत्या. घरी पाठवून केलेल्या निलंबनांत त्यांचा वाटा ४५ टक्के. शाळेतून काढून टाकलेल्या मुलींमध्ये ४३ टक्के. आणि महत्त्वाचे पुढे आहे. सारख्याच वागणुकीसाठी, म्हणजे अवज्ञा, अनादर, व्यत्यय यांसाठी, कृष्णवर्णीय मुलींना गोऱ्या मुलींपेक्षा कडक शिक्षा झाल्या होत्या. तिथे गरिबीचे कारण पुढे करून सुटता येत नाही. वागणे तेच, शिक्षा वेगळी.

त्वचेच्या छटेचाही हिशेब झाला आहे. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवले की कृष्णवर्णीय मुलींमध्येही सर्वांत गडद वर्णाच्या मुलीला निलंबन होण्याचा संभव सर्वांत उजळ मुलीच्या जवळपास तिप्पट असतो. घर, वस्ती, मिळकत यांनी हे उलगडत नाही. रंग पाहणाऱ्याच्या डोळ्याने उलगडते.

मुलग्यांचे काय, असे विचारले जाईल. त्यांच्यावरचा अन्याय खरा आहे आणि मोठा आहे. पण तो निदान दिसला. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने २०११-१२ चे आकडे काढले तेव्हा कृष्णवर्णीय मुलग्यांपैकी २० टक्क्यांना निलंबन झाले होते, गोऱ्या मुलग्यांपैकी ६ टक्क्यांना. मुलींमध्ये कृष्णवर्णीय १२ टक्के, गोऱ्या २ टक्के. मुलग्यांत तिपटीहून थोडे जास्त, मुलींत सहापट. म्हणजे आपल्या वर्णाच्या मुलग्यापेक्षा कृष्णवर्णीय मुलगी कमी वेळा शिक्षा खाते, पण गोऱ्या मैत्रिणीपासून तिचे अंतर त्याच्यापेक्षा जास्त आहे. हे आकडे बाहेर आले ते २०१४ मध्ये. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी गोरे नसलेल्या मुलग्यांसाठी मोठा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. मुलींना त्यात जागा नव्हती. कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ली क्रेनशॉ यांनी पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय मुलींवर वेगळा अहवाल काढला, तो या विसराला उत्तर म्हणूनच. ज्या घरात मुलग्याची काळजी बोलून दाखवतात आणि मुलगी आपले निभावून नेईल असे गृहीत धरतात, ते घर मराठी वाचकाला ओळखू येईल.

दूरच्या देशाचे हे दुखणे आपण का मोजावे? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्या माणसांची गुलामी मोडली. मुलींची शाळा काढून त्याला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. त्या मुक्त झालेल्या माणसांची पणती-खापरपणती वर्गातून ओढून काढली जात असेल, तर ती बातमी फुल्यांच्या महाराष्ट्राने परकी मानू नये.

केसांचा मामला थोडक्यात सांगतो, कारण त्यात ‘व्यत्यय’ किती ताणता येतो ते दिसते. बोस्टनजवळच्या माल्डनमध्ये २०१७ साली पंधरा वर्षांच्या जुळ्या कृष्णवर्णीय बहिणींना शाळेने शिक्षा केली. गुन्हा असा की त्यांनी केसांत कृत्रिम बटा गुंफून वेण्या घातल्या होत्या. शाळेच्या नियमात कृत्रिम बटांना मनाई होती. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवले, धावण्याच्या संघातून काढले, शाळेच्या नाचाच्या समारंभाला येऊ दिले नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरल मॉरा हीली यांनी हा नियम भेदभावाचा आहे असे कळवल्यावर शाळेने तो बाजूला ठेवला. राज्याचा कायदा बदलायला २०२२ उजाडले. त्या दोघी अभ्यासात किंवा वागण्यात कमी पडल्या असे कोणी म्हटलेच नव्हते. कृष्णवर्णीय मुलीच्या केसांचा पोत जसा आहे तसा राखायला शतकानुशतके वेण्याच घातल्या जातात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच मुलीचे केस होते.

शिक्षकांची बाजूही लिहिली पाहिजे. तीस मुलांचा वर्ग, एक माणूस, वर परीक्षांच्या निकालाचा धाक. एका मुलीने ऐकले नाही की बाकीचे एकोणतीस बघत असतात. अशा वेळी पुढच्या दहा सेकंदांत काहीतरी ठरवावे लागते. ज्याने कधी वर्ग घेतला आहे त्याला हे नव्याने सांगायला नको. म्हणूनच तर रकाना महत्त्वाचा. घाईत, दमलेल्या डोक्याने, जो निर्णय होतो त्यात मनातला जुना समज सर्वांत आधी बोलतो. त्या क्षणी शिक्षकाच्या हाती अर्थाची सीमा नसलेला गुन्हा दिला, तर तो समज थेट शिक्षेत उतरतो. शिक्षक दुष्ट असण्याची गरज नाही. बहुतेक नसतातच. कोऱ्या रकान्यात चांगला माणूसही आपला पूर्वग्रह भरतो आणि त्याला शिस्त समजतो.

प्रशिक्षण द्या, कार्यशाळा घ्या, असे सांगणारे पुष्कळ आहेत. द्यावे. पण माणसाचे मन बदलण्याची वाट पाहत मुलीला पाच दिवस घरी बसवता येत नाही. पाच दिवस म्हणजे बीजगणिताचा एक धडा. तो बुडाला की पुढचा समजत नाही. समजला नाही की मुलगी मागच्या बाकावर जाते, बोलेनाशी होते किंवा उलट बोलते, आणि उलट बोलण्यासाठी रकाना तयारच असतो. दुसऱ्या खेपेला शिक्षा वाढते, कारण नावावर पहिली नोंद असते. शाळेने स्वतःच मागे टाकलेल्या मुलीला शाळा मग मागे पडल्याबद्दल शिक्षा करते.

मन बदलण्याआधी रकाना काढता येतो. हे करून पाहिलेले आहे. कॅलिफोर्नियात ‘मुद्दाम केलेली अवज्ञा’ हे निलंबनाचे अधिकृत कारण होते. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये ते बंद केले. २०१५ पासून राज्याने तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी बंद केले, मग आठवीपर्यंत आणले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बारावीपर्यंत नेण्याच्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली. मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ यांसाठीची निलंबने तशीच आहेत. गेली ती एकाच गोष्टीची शिक्षा, मोठ्या माणसाचा अपमान झाल्याची. वर्गात त्रास देणाऱ्या मुलाला शिक्षक अजूनही वर्गाबाहेर पाठवू शकतात. घरी बसवू शकत नाहीत.

साउथ कॅरोलायनातही कलम गेले, पण शहाणपणाने नव्हे, न्यायालयाने कान धरल्यावर. तुरुंगात नेलेली ती अठरा वर्षांची मुलगी आणि इतर काही जण २०१६ मध्ये न्यायालयात गेले. पहिल्या फेरीत दावा फेटाळला गेला. वरच्या न्यायालयाने तो २०१८ मध्ये पुन्हा उभा केला. खटला जिवंत झाल्यावर त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून शाळेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. फेब्रुवारी २०२३ मध्ये चौथ्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने शेवटचा निकाल दिला की हे कलम, आणि बेशिस्त वर्तनाचे दुसरे कलमही, शाळकरी मुलांना लावणे घटनाबाह्य आहे. कारण साधे. काय केले तर गुन्हा होतो, हे वाचून कोणालाच कळत नाही, आणि म्हणून कोणाला पकडायचे हे पकडणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ज्यांच्यावर हे कलम लागले होते त्यांच्या नोंदी पुसण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेशही कायम राहिला. १९१९ पासून एकशेचार वर्षे लागली.

न्यायालयाने अडवले ते पोलिसाला. शाळेच्या आतल्या फॉर्मवरचा रकाना तसाच आहे. ‘अवज्ञा’, ‘अनादर’, ‘व्यत्यय’ आजही अमेरिकेतल्या असंख्य शाळांच्या नियमपुस्तिकांत आहेत आणि त्यांवरून निलंबने होत आहेत. संसद सदस्य अयाना प्रेस्ली यांनी २०१९ मध्ये या प्रश्नावर विधेयक आणले. शाळांनी अशा संदिग्ध कारणांवरून मुलांना घरी पाठवणे थांबवावे, त्यासाठी केंद्राने पैसे द्यावेत, असे त्यात होते. ते मंजूर झालेले नाही. २०१४ मध्ये ओबामा सरकारने शाळांना बजावले होते की नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी त्याचा फटका एकाच वर्णाला बसत असेल तर चौकशी होईल. ते पत्र डिसेंबर २०१८ मध्ये मागे घेतले गेले. २३ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला आणि शालेय शिस्तीत व्यवहारज्ञान परत आणतो असे सांगितले. वर्णानुसार शिक्षांचा हिशेब पाहून शाळांवर दडपण आणणे, हाच त्या आदेशाच्या लेखी दोष आहे.

हिशेब पाहायचाच नाही असे ठरवले तर ४५ टक्क्यांचा आकडा पुन्हा कोणाच्या समोर येणार नाही. रकाना मात्र राहील आणि तो भरणारेही राहतील. म्हणून आता लढाई राज्याराज्यांत, शाळामंडळाच्या बैठकांत, नियमपुस्तिकेच्या त्या एका पानावर आहे. कॅलिफोर्नियाने बारावीपर्यंत दिलेली सूटही कायमची नाही. मोठ्या वर्गांसाठी तिची मुदत १ जुलै २०२९ ला संपते. ती वाढवायची की अवज्ञेसाठी मुलींना पुन्हा घरी पाठवायला लागायचे, हे तिथल्या विधिमंडळाला त्याआधी ठरवावे लागेल. इतर बहुतेक राज्यांनी तर हा प्रश्न अजून हातीही घेतलेला नाही.